तोलेगेनचा प्रोसेसर खातो किती?

घोडा घेताना त्याचे दात बघायचे, गाय घेताना कास बघायची, हे करागंडा शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण कॉम्प्युटरचा प्रोसेसर घेताना काय बघायचं, हे कुठल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवलेलं नाही. तोलेगेनच्या सगळ्या दुःखाचं मूळ हेच.

वाडवडिलांनी सांगितलं नाही म्हणून त्याने वही केली. खाणीच्या नकाशा-कचेरीत सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. जमिनीखालचा बोगदा कागदावर अर्धा मिलिमीटर सरकला तरी त्याला जेवण जात नसे. वहीच्या डाव्या पानावर ‘गुण’, उजव्या पानावर ‘दोष’. डाव्या पानावर पहिली नोंद होती: ‘सोळा कोअर.’ उजव्या पानावर: ‘किंमत तीन पगार. (कुल्पाशला अजून सांगितलेलं नाही.)’

हा उद्योग हौसेचा नव्हता, हे आधीच सांगायला हवं, नाहीतर त्या भल्या माणसावर अन्याय होईल. त्याचे वडील कालियास्कर तेर्मे गायचे. तेर्मे म्हणजे दोम्ब्राच्या दोन तारांवर गाऊन केलेला उपदेश: शेजाऱ्याशी कसं वागावं, रागाला कुठे थांबवावं, खुदाच्या दारी जाताना काय बरोबर न्यावं. कालियास्कर गायला बसले की ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे, आणि त्याच क्षणी, आपण काल कुणाला काय बोललो ते आठवून त्याची मान खाली जायची. उपदेश खरा की खोटा हे ओळखायची याहून चांगली खूण मला तरी ठाऊक नाही. तर ते कालियास्कर गेल्या फेब्रुवारीत गेले. मागे राहिली एकच कॅसेट, पस्तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नात भरलेली. टेपरेकॉर्डर ठेवला होता सामोवाराच्या शेजारी. गाणं कमी आणि उकळणं जास्त.

तोलेगेनच्या आईला, म्हणजे अपाला, अलीकडे ऐकू कमी यायचं. स्पष्ट आवाज तेवढा पोचायचा, गोंगाटातलं काही कळायचं नाही. ती कॅसेट लावली की ती कान पुढे करून थोडा वेळ बसायची आणि म्हणायची, “चहा उकळतोय. तो कुठंय?”

एकदा ती सहज म्हणाली, “त्याच्या वर्षाच्या जेवणाला सगळे जमतील. तेव्हा जर त्याचा आवाज...” आणि पुढचं बोललीच नाही. बोलली असती तर तोलेगेनला काहीतरी उत्तर देता आलं असतं. न बोललेल्या वाक्याला उत्तर नसतं, ते पुरंच करावं लागतं.

गोंगाट काढून टाकायचा प्रोग्रॅम त्याला कचेरीतून मिळाला. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालवला, तर पडद्यावर आलं: शिल्लक वेळ दोनशे अकरा दिवस. वर्षाच्या जेवणाला उरले होते छत्तीस.

बाजारात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या गाळ्यावर झन्ना नावाची बाई बसायची. सतत काहीतरी विणत असायची, आणि प्रोसेसरबद्दल बोलताना टाके मोजणं थांबवत नसे.

“हा घ्या. एका कवटीत सोळा डोकी. तुमचं काम तीन दिवसांत.”

“दोष काय?” तोलेगेनने वही उघडली.

तिने पहिल्यांदा वर बघितलं. “दोष विचारणारं गिऱ्हाईक बारा वर्षांत पहिलंच. तापतो. फार तापतो. आणि खातो.”

“खातो किती?”

“पोटभर चालवला तर अडीचशे वॅट. शिवाय तुमच्या मदरबोर्डवर बसणार नाही.”

नवा मदरबोर्ड आला. त्याला जुनी मेमरी चालेना, म्हणून मेमरी आली. या सगळ्यांना पुरेल एवढा पॉवर सप्लाय आला. तो जुन्या डब्यात मावेना, म्हणून डबा आला. प्रोसेसर थंड ठेवायला पंखा आला, तो एवढा मोठा, की खोक्यावरचं चित्र बघून त्याची बायको कुल्पाश म्हणाली, “ही इस्त्री तरी घरच्या उपयोगाची दिसते.” पंखा आहे असं कळल्यावर ती खुर्चीत बसली.

“अहो नकाशेवाले, घरात सोळा डोकी आणलीत. त्यातल्या एकाने तरी आणण्याआधी मला विचारायचं होतं.”

तोलेगेनने उजव्या पानावर लिहिलं: ‘एकटा येत नाही. वऱ्हाड घेऊन येतो.’

पण ज्या दिवशी सगळं जुळून यंत्र सुरू झालं, त्या दिवशी पडद्यावर आलं: शिल्लक वेळ एकाहत्तर तास. तोलेगेनला गहिवरून आलं. हातात एकवीस दिवस होते. त्याने वडिलांच्या तसबिरीकडे बघून मान लववली, आणि एवढ्यात दारावर थाप पडली.

समोरच्या घरातली रौशान. हातात दोन नवे टॉवेल.

आता, नवी वस्तू घरात आली, नवी सून आली, नवं बाळ आलं, की पहिल्यांदा बघणाऱ्याने काहीतरी द्यायचं. त्याला कोरिमदिक म्हणतात. दिल्याशिवाय बघायचं नाही. आणि एकदा दिलं, की घरच्यांनी दाखवायलाच हवं. या दुसऱ्या भागाकडे तोलेगेनने कधी लक्ष दिलं नव्हतं. सून दाखवायला तिचं डोकं उघडावं लागत नाही.

रौशानने डब्याकडे बघितलं. “हे तर कपाट झालं. ते कुठंय?”

“आत आहे. पंख्याच्या खाली.”

“मग मी टॉवेल काय कपाटाला दिले का?”

तोलेगेनने यंत्र बंद केलं. डबा उघडला, पंखा काढला. खाली प्रोसेसर, आणि त्यावर करड्या रंगाची चिकट पेस्ट, उष्णता पंख्यापर्यंत पोचावी म्हणून लावलेली.

“अगंबाई, चरबी लावलीत!” रौशानला बरं वाटलं. “नव्या वस्तूला लावावीच. बरं केलंत.”

ती गेल्यावर त्याने पेस्ट पुसली, नवी लावली, पंखा बसवला, यंत्र सुरू केलं. प्रोग्रॅमचा एक स्वभाव तेव्हा कळला: मध्ये बंद पडला की तो पहिल्यापासून सुरू करतो. शिल्लक वेळ एकाहत्तर तास.

रौशान जिन्यातून खाली गेली. ती किती मजले उतरली आणि प्रत्येक मजल्यावर किती थांबली याचा हिशेब पुढच्या आठवड्यात आपोआप लागला. तिसऱ्या मजल्यावरून मुरंब्याची बरणी आली. पहिल्या मजल्यावरून लोकरी मोजे. शेजारच्या इमारतीतून, ज्याला तोलेगेन ओळखतही नव्हता असं एक जोडपं केक घेऊन आलं. प्रत्येकाला आत घ्यायचं, बसवायचं, डबा उघडायचा. आणि आलेल्याला चहा तर द्यायलाच हवा. कुल्पाशने विजेची किटली लावली, की यंत्र आणि किटली मिळून फ्यूज उडायचा, घर अंधारात जायचं आणि आतून अपा विचारायची, “आला का तो?”

अपा मात्र त्या यंत्रावर खूश होती. त्याच्या वरच्या जाळीतून इतकी छान ऊब यायची, की तिने बाउरसाक तळायला मळलेलं पीठ फुगायला त्यावर ठेवलं. “तुझ्या बापाने आयुष्यात एवढी उपयोगी वस्तू आणली नाही,” ती म्हणाली. तोलेगेनने डाव्या पानावर लिहिलं: ‘पीठ उत्तम फुगतं.’ ते वाचून त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

खालच्या मजल्यावर वेन्याकाका राहायचे. खाणीतले निवृत्त इलेक्ट्रिशियन. वाईट बातमी पहिल्यांदा आपणच द्यावी असा त्यांचा आग्रह असे. ते लोणच्याची बरणी घेऊन आले, प्रोसेसर डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाले, “खातो किती?”

“अडीचशे वॅट.”

“आणि तुझ्या घराची तार केव्हाची?”

“इमारतीच्या जन्माची.”

“माझी बायकोपण त्याच काळातली,” वेन्याकाका म्हणाले, “आणि मी तिच्यावर एवढं ओझं टाकत नाही. कचेरीत जा, मोठा फ्यूज मागून घे. देणार नाहीत. पण जा.”

इमारतींच्या देखभाल-कचेरीत खिडकीमागे एक शांत, सभ्य बाई होती. अशा बायकांपुढे माणूस ओरडूही शकत नाही. तिने अर्ज दिला. अर्जात ‘कोणत्या उपकरणासाठी’ यापुढे चारच चौकोन होते: शेगडी, पाणी तापवायची टाकी, वेल्डिंग, खोली गरम करायचा हीटर.

“यातलं काहीच नाही. कॉम्प्युटरचा प्रोसेसर आहे.”

“बरं. तापतो का?”

तोलेगेन आयुष्यात खोटं बोलला नव्हता. कालियास्करांच्या मुलाला ते जमलंच नसतं. “तापतो,” तो म्हणाला.

“फार?”

“फार.”

बाईने चौथ्या चौकोनात खूण केली. आठ दिवसांनी उत्तर आलं: मध्यवर्ती वाफेची सोय असलेल्या इमारतीत खासगी हीटरला परवानगी नाही, आहे तो तत्काळ काढून टाकावा, आणि काढल्याचं अग्निशमन खात्याचं पत्र जोडावं.

वर्षाच्या जेवणाला सहा दिवस राहिले होते. तोलेगेनने घरात फर्मान काढलं: तीन दिवस किटली बंद, इस्त्री बंद, दार बंद. कोरिमदिक कुणी आणलं तर जिन्यात ठेवून जावं. कुल्पाशने गॅसवर पातेल्यात चहा केला आणि एका दमात म्हणाली, “एवढी माणसं घरी येतायत, आणि तुम्ही दाराला खुर्ची लावून बसलाय. मामंजी असते तर?”

“मामंजींसाठीच चाललंय हे.”

“त्यांनी कधी दाराला खुर्ची लावली होती?”

दिवस गेला, दुसरा गेला. शिल्लक वेळ बावीस तास. एकवीस. वीस. तो जेवायलाही यंत्रासमोर बसायला लागला. आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसा.

वीस तास उरले असताना दारावर थाप पडली, आणि थापेबरोबर बेंऽऽ असा आवाज आला.

दारात ओस्पान उभे होते, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे अक्सकाल. वय एकोणऐंशी, दाढी बर्फाने पांढरी की वयाने ते कळत नव्हतं. कालियास्करांचे जन्माचे जोडीदार. चाळीस वर्षं दोघं एकत्र गायले. एकाने कडवं अर्धं सोडायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. एकशे ऐंशी किलोमीटरवरून बसने आले होते, आणि त्यांच्या हातातल्या दोरीला मेंढी होती.

“कोरिमदिक,” ते म्हणाले. “ऐकलं की कालियास्करच्या मुलाने बापाचा आवाज परत आणणारं जनावरासारखं काहीतरी घेतलंय. मोकळ्या हातांनी कसा येऊ?”

मेंढी बाल्कनीत बांधली. पाच मिनिटांत खालून वेन्याकाकांचा आवाज आला, “तोलेगेन! तुझा प्रोसेसर आता चालायला पण लागला का? माझ्या डोक्यावर खूर वाजतायत!”

“अक्सकाल,” तोलेगेन हात जोडून म्हणाला, “फक्त वीस तास. उद्या संध्याकाळी दाखवतो. शप्पथ.”

“उद्या?” ओस्पान हसले. “बाळा, माझ्या वयाच्या माणसाला उद्याची तारीख देतोस? तुझ्या बापाने पण मला दिली होती.”

तोलेगेनने यंत्र बंद केलं. पडद्यावरचे वीस तास विझले. पण उद्यापासून पुन्हा लावलं तरी एकाहत्तर तास, आणि जेवणाला चार दिवस. अजून बसत होतं. कसंबसं बसत होतं.

ओस्पाननी प्रोसेसर तळहातावर घेतला. वजन बघितलं. उलटा करून खालच्या बाजूचे सोनेरी ठिपके बघितले. “दात चांगले आहेत,” म्हणाले. “खातो किती?”

“फार खातो, अक्सकाल.”

“मग काम पण दाखव. झाकण लावू नको, मला आत दिसू दे.”

तोलेगेनने पुन्हा सगळं जोडलं. आठवड्यापूर्वी नमुना म्हणून अर्धा मिनिट साफ करून ठेवला होता, तो लावला. दोम्ब्राचे दोन झंकार. एक खाकरणं. आणि मग त्या खोलीत, सामोवार नाही, भांडी नाहीत, लग्नातली माणसं नाहीत, एकटे कालियास्कर:

“दारात पाहुणा आला, तर हातातलं काम...”

तिथे नमुना संपत होता. ओस्पाननी टोपी काढली.

आणि अपा उठली. स्वयंपाकघरात गेली, येताना झग्याच्या घोळात काय घेतलं ते कुणी बघितलं नाही. एक वर्ष त्या घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. ती यंत्रासमोर उभी राहिली, तिचा चेहरा विशीतल्या मुलीसारखा झाला होता, आणि तिने दोन्ही हातांनी शाशू उधळलं. गोळ्या, सुक्या दह्याचं कुर्त, चिल्लर नाणी, लग्नात उधळतात तसं, दूर देशाहून माणूस घरी आलं की उधळतात तसं.

“आला!” ती म्हणाली. “आला रे माझा!”

“अपा, नाणी नको—” तोलेगेन म्हणाला. पण शाशू उधळलं गेलं की ते हवेतून परत येत नाही. गोळ्या सगळीकडे पडल्या, एक पंख्यात अडकून कडाकडा वाजली, आणि एक नाणं, एवढंसं, उघड्या डब्यात मदरबोर्डवर आडवं पडलं. निळी ठिणगी उडाली. जळक्या कांद्यासारखा वास आला. यंत्र गप्प झालं.

बाल्कनीतून मेंढी म्हणाली, बेंऽऽ.

“थकला,” अपा म्हणाली. “झोपू दे त्याला.”

तोलेगेनने मान हलवली. तिला काही सांगायचं नाही, हे त्याने आणि कुल्पाशने एकमेकांकडे न बघताच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी झन्नाने प्रोसेसर तपासला, टाके मोजणं थांबवलं. हे तिने आजवर कधी केलं नव्हतं. “गेला,” ती म्हणाली. “बोर्डही गेला. हमीच्या अर्जात कारण लिहावं लागेल. काय लिहू?”

“शाशू.”

ती बराच वेळ यादी चाळत होती. “यात पाणी आहे, आग आहे, वीज पडणं आहे, उंदीर आहे,” ती म्हणाली. “आनंद नाही हो.”

वर्षाच्या जेवणाला चाळीस माणसं आली. ओस्पानच्या मेंढीचा बेशबरमाक झाला. जुना कॉम्प्युटर, वाचलेल्या डिस्कसह, परत टेबलावर आला होता. तोलेगेनकडे त्या अर्ध्या मिनिटाशिवाय काही नव्हतं. छत्तीस दिवस, तीन पगार, दोन टॉवेल, मुरंबा, मोजे, लोणचं, एक मेंढी. आणि त्याचं फळ अर्धा मिनिट. अपा पुढे येऊन बसली, कान पुढे करून. रौशान होती, वेन्याकाका होते, केकवालं जोडपंही होतं. लोकांनी हातातले प्याले खाली ठेवले.

तोलेगेनने मनात खुदाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. दोन झंकार. खाकरणं.

“दारात पाहुणा आला, तर हातातलं काम...”

आणि शांतता. तोलेगेनने डोळे मिटले. आता अपा विचारणार, तो कुठंय?

ती विचारण्याआधी कोपऱ्यातून दोम्ब्राचा झंकार आला. ओस्पाननी कडवं उचललं होतं, चाळीस वर्षं उचलत आले तसं, श्वासही न सोडता:

“...खाली ठेव, माझ्या बाळा. काम उद्याही भेटेल तुला, पाहुणा भेटेल की नाही?”

तिथून पुढे ते तासभर गायले. आवाज फाटका होता, मधूनमधून खोकला येत होता, कुणाचा तरी चमचा वाजत होता, आणि अपाला त्यातलं किती ऐकू येत होतं कोण जाणे. पण ती ओठांनी प्रत्येक शब्द म्हणत होती. रौशान डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत होती. चाळीस माणसं रडली, आणि चाळीस माणसांनी मान खाली घातली. सगळ्यांत खाली तोलेगेनची होती. तीन दिवस दाराला लावलेली ती खुर्ची अजून दाराशेजारीच होती, आणि तिच्यावर आता केकवालं जोडपं दाटीवाटीने बसलं होतं.

जेवण झाल्यावर माणसं म्हणाली, काय यंत्र आहे! बरोब्बर जागेवर थांबलं, ओस्पानसाठी जागा सोडून! आणि रौशान म्हणाली, “आमच्या पाहुण्यांनी अजून बघितला नाही हो तो. दाखवा ना.”

तोलेगेनने खिशातून मेलेला प्रोसेसर काढून दिला. आता डबा उघडायला नको, पंखा काढायला नको, पेस्ट पुसायला नको. तो हातोहात फिरला. लोकांनी उलटासुलटा बघितला, मुलांच्या कपाळाला लावला. ज्या एका कामासाठी तो आणला नव्हता, ते काम तो आता अगदी निर्दोष करत होता.

फिरत फिरत तो अपाच्या हातात आला. तिने काळवंडलेला कोपरा बोटाने चाचपला.

“माझं नाणं होतं का रे?”

“नाही, अपा. असंच असतं ते.”

“खोटं बोलताना तुझा बापही असाच कान खाजवायचा,” ती म्हणाली. “जीव ओवाळून टाकीन रे तुझ्यावरून. ते नाणं दे मला.”

त्याने दिलं. तिने ते रुमालाच्या टोकात बांधलं आणि प्रोसेसर शेजारी वेन्याकाकांकडे सरकवला. काकांनी तो डोळ्यांजवळ धरला, सवयीने मान हलवली.

“आता खातो किती?”

“काहीच नाही,” तोलेगेन म्हणाला.

“मग हा ठेव,” वेन्याकाका म्हणाले. “हा चांगला आहे.”